कायसेरी : मुक्कामाच्या नगरीचा इतिहास

१

तुर्कस्तानच्या मध्य पठारावर, एर्जियेस या निद्रिस्त ज्वालामुखीच्या उत्तर पायथ्याशी कायसेरी हे शहर वसलेले आहे. समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरांहून अधिक उंचीवरील हे पठार उन्हाळ्यात रखरखीत व हिवाळ्यात बर्फाच्छादित असते. दक्षिणेस ३,९१७ मीटर उंचीचे एर्जियेसचे शिखर आकाशात चढलेले दिसते आणि शहराच्या कोणत्याही रस्त्यावरून त्याचे दर्शन चुकत नाही. कायसेरी प्रांताची लोकसंख्या आज चौदा लाखांच्या आसपास आहे. कापड, फर्निचर व यंत्रसामग्री यांचे कारखाने, अनेक विद्यापीठे आणि मोठा विमानतळ यांमुळे हे अनातोलियाच्या अंतर्भागातील एक भरभराटीचे शहर गणले जाते.

असे असूनही परदेशी प्रवाशांच्या लेखी या शहराला फारसे महत्त्व नाही. ते विमानाने किंवा आगगाडीने येथे उतरतात, फार तर एक रात्र काढतात, आणि सकाळी सत्तर-ऐंशी किलोमीटर पश्चिमेस असलेल्या गोरेमे व युर्गुप या गावांची वाट धरतात. कापादोकियाचे सुळके आणि खडकांत कोरलेली देवळे पाहणे हा त्यांचा हेतू असतो; कायसेरी ही त्या हेतूच्या वाटेवरील केवळ एक सोय. पूर्वेकडे सिवास व एर्झुरूम यांच्याकडे जाणाऱ्यांचीही गोष्ट याहून वेगळी नाही. "गाडी बदलण्याचे गाव" ही या शहराची ख्याती प्रवासी जगात रूढ झालेली आहे.

ही ख्याती चुकीची आहे असे म्हणता येत नाही. मात्र तिच्यात जो कमीपणा गृहीत धरलेला असतो तो इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. या प्रदेशाचा लिखित इतिहास सुमारे चार हजार वर्षांचा आहे, आणि त्या इतिहासाच्या पहिल्या पानापासून हे स्थान मुक्कामाचेच स्थान आहे. वाटसरूला रात्रीचा निवारा देणे, त्याच्या मालाची हमी घेणे आणि परक्याला ठरावीक नियमांनी आपल्यांत सामावणे या गोष्टी येथे अपघाताने घडलेल्या नाहीत. त्यांवरच ही नगरी उभी राहिली. प्रस्तुत निबंधात या मुक्कामसंस्थेचा मागोवा भाषिक व ऐतिहासिक पुराव्यांच्या आधारे घेण्याचे योजिले आहे.

२

आजच्या शहराच्या ईशान्येस सुमारे वीस किलोमीटरांवर कुल्तेपे नावाचे एक विस्तीर्ण टेकाड आहे. कुल्तेपे म्हणजे राखेची टेकडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या परिसरातून कीलाकार लिपीत लिहिलेल्या मातीच्या विटा पुराणवस्तूंच्या बाजारात येऊ लागल्या आणि "कापादोकियन लेख" या नावाने विद्वानांत त्यांची चर्चा सुरू झाली. परंतु त्या नेमक्या कोठे सापडतात हे गूढच होते. ज्यांनी टेकाड खणून पाहिले त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. इ. स. १९२५ मध्ये झेक पंडित बेद्रिच ह्रोझ्नी यांना स्थानिक माणसांकडून खरी जागा कळली. लेख टेकाडात नव्हते. टेकाडाच्या पायथ्याशी असलेल्या शेतजमिनीत होते. इ. स. १९४८ पासून तहसीन ओझ्गुच या तुर्की पुरातत्त्वज्ञांनी तेथे पद्धतशीर उत्खनन आरंभिले व ते अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालविले. आजपर्यंत या स्थळी तेवीस हजारांहून अधिक लेख मिळाले असून इ. स. २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांचा समावेश "जगाची स्मृती" या सूचीत केला.

या लेखांवरून जे चित्र उभे राहते ते असे. प्राचीन काळी कुल्तेपेचे नाव कानेश होते. टेकाडावर स्थानिक राजाचा वाडा व नगर होते. पायथ्याशी व्यापाऱ्यांची पेठ होती, आणि तीत आजच्या इराकमधील तैग्रिसकाठच्या अश्शुर नगराचे व्यापारी राहत होते. इ. स. पू. एकोणिसाव्या शतकात ही पेठ भरभराटीस होती. अश्शुरहून कथील आणि लोकरी कापड गाढवांवर लादून निघे. सुमारे हजार किलोमीटरांची वाट सहा आठवड्यांत तुडवून तांडा कानेशला पोहोचे. तेथे माल विकून मिळालेले रुपे व सोने अश्शुरला परत जाई. एका गाढवावर सुमारे पासष्ट किलो कथील आणि वर थोडे कापड एवढा भार असे. ही गाढवेही पुष्कळदा कानेशमध्येच विकली जात, कारण परतीच्या मालाचे मोल मोठे असले तरी त्याचा बोजा थोडा असे.

हे लेख राजांच्या प्रशस्ती नव्हेत, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य आहे. त्यांत पत्रे, हिशेब, कर्जरोखे, विवाहाचे करार आणि खटल्यांचे निवाडे आहेत. पुशु-केन नावाचा व्यापारी कानेशमध्ये राहत होता. त्याची पत्नी लमस्सी अश्शुरमध्ये राहून कापड विणवून घेई, ते त्याच्याकडे पाठवी आणि पत्रांतून किमतीचा व घरखर्चाचा हिशेब मागे. जकात चुकविण्यासाठी आडवाटेने माल नेणारेही होते. एका पत्रातून असे कळते की, दुसऱ्या कोणा व्यापाऱ्याने पुशु-केनकडे पाठविलेला चोरटा माल पकडला गेला आणि राजवाड्याने पुशु-केनलाच अटकेत टाकले. वर्षानुवर्षे परगावी राहिलेल्या काही व्यापाऱ्यांनी तेथील स्त्रियांशी विवाह केले. त्यासंबंधीच्या करारांत पहिल्या पत्नीच्या दर्जाचे रक्षण केलेले असे. म्हणजे मुक्काम लांबला की त्याचा संसार होई, आणि त्या संसारासाठीही नियम लागत.

या व्यवस्थेच्या परिभाषेकडे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. पेठेला अश्शुरी भाषेत "कारुम" म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ नदीकाठचा धक्का. कानेशपाशी गलबतांचा धक्का लागावा अशी नदी नव्हती; परंतु मेसोपोटेमियातील नगरांत व्यापार धक्क्यावर चाले म्हणून व्यापारी वस्तीलाच ते नाव पडले आणि ते व्यापाऱ्यांबरोबर पठारावर आले. कारुमपेक्षा लहान ठाण्याला "वबर्तुम" म्हणत, आणि हा शब्द पाहुणा किंवा परका या अर्थाच्या "वब्रुम" या शब्दावरून साधलेला आहे. वाटेवरील उताराच्या घरासही "पाहुण्याचे घर" अशाच अर्थाची संज्ञा होती. अश्शुरच्या व्यापाऱ्याने परमुलखातील आपल्या ठाण्याला जिंकलेल्या भूमीचे नाव न देता पाहुणेपणाचे नाव दिले, ही बाब लक्षणीय आहे. त्याच्यापाशी सैन्य नव्हते. जे काही संरक्षण होते ते तहनाम्यांचे होते. कानेशच्या राजसत्तेशी झालेल्या अशा एका तहाचा मजकूर उपलब्ध आहे. राज्याच्या हद्दीत अश्शुरी माणसाचे रक्त सांडले किंवा त्याचा माल गेला, तर त्याची जबाबदारी स्थानिक सत्तेवर राहील, असे त्यात नमूद आहे.

३

कानेशच्या लेखांची भाषा अश्शुरी, म्हणजे अरबी व हिब्रू यांच्या कुळातील आहे. परंतु ज्या लोकांत हे व्यापारी राहत होते त्यांची भाषा वेगळी होती, आणि तिचे काही शब्द व्यापाऱ्यांच्या लिखाणात शिरले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने कुल्तेपेचे सर्वांत मोठे महत्त्व येथेच आहे. हे शब्द हित्ती भाषेचे आहेत. आणि हित्ती ही इंडो-युरोपीय कुळातील, अर्थात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्यातील भाषा आहे. व्यक्तिनामे वगळली तर या कुळातील कोणत्याही भाषेचे याहून जुने लिखित शब्द आज ठाऊक नाहीत. मित्र, वरुण, इंद्र व नासत्य या देवतांची नावे असलेला मितन्नी राज्याचा तहनामा भारतीय वाचकांस परिचित आहे. तो बोगाझकोय येथे सापडला. कानेशचे लेख त्या तहनाम्याहूनही सुमारे पाच शतकांनी जुने आहेत.

हित्ती भाषेचे गोत्र ओळखण्याचे श्रेय ह्रोझ्नी यांनाच जाते. इ. स. १९१५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, हित्ती लेखांतील पाणी या अर्थाचा "वातर" आणि खाणे या अर्थाचा "एद्" हे इंडो-युरोपीय शब्द आहेत. संस्कृत "उदक" व "अद्" ही त्यांची भावंडे होत. पुढे असेही आढळले की, हित्ती लोक आपल्या भाषेला "नेशिली", म्हणजे नेशाची भाषा, असे म्हणत. नेशा हे कानेशचेच दुसरे रूप आहे. ज्या भाषेला आज जग हित्ती म्हणते तिच्या बोलणाऱ्यांनी तिला या पेठेच्या गावाचे नाव दिले होते. हित्ती भाषेतील सर्वांत जुन्या वृत्तान्तात राजा अनित्ता याच्या पित्याने रात्री हल्ला करून नेशा घेतल्याचे, पण तेथील रहिवाशांना अपाय न केल्याचे सांगितले आहे. अनित्ताचे नाव कोरलेले एक काशाचे भालाग्र इ. स. १९५४ मध्ये कुल्तेपेच्या टेकाडावर मिळाले, आणि या वृत्तान्ताला प्रत्यक्ष वस्तूचा आधार लाभला.

अश्शुरी लेखांत शिरलेल्या हित्ती शब्दांपैकी दोन शब्द प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहेत. पहिला शब्द "इश्खिउलु". याचा अर्थ करार. हित्ती भाषेत बांधणे या अर्थाचा जो "इश्खाई" हा धातू आहे त्यापासून हा शब्द निघाला. करार म्हणजे बंधन, ही कल्पना त्यात आहे. याच मूळ धातूचे संस्कृत रूप "सि", म्हणजे बांधणे, हे होय. "सिनाति" हे त्याचे क्रियारूप, आणि "सेतु" हा शब्द त्यापासूनच झाला. मराठीतला "सेतू" आणि कानेशच्या व्यापाऱ्याचा करार हे एकाच धातूचे दोन फाटे आहेत. एकाने दोन काठ बांधले जातात, दुसऱ्याने दोन माणसे.

दुसरा शब्द "इश्पतालु". याचा अर्थ रात्रीचा निवारा किंवा रात्रमुक्काम. रात्र या अर्थाच्या "इश्पन्त" या हित्ती शब्दाशी त्याचा संबंध सामान्यतः मान्य आहे. "इश्पन्त" चा संबंध अनेक विद्वान संस्कृत "क्षप्" व "क्षपा" आणि अवेस्तामधील "ख्शप्" या रात्रवाचक शब्दांशी जोडतात. या व्युत्पत्तीबाबत मतभेद असले तरी ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने ती असंभाव्य नाही. काव्यभाषेत रात्रीला "क्षपा" म्हणणाऱ्या मराठी वाचकास हे नाते दूरचे वाटण्याचे कारण नाही.

परक्यांनी स्थानिक भाषेतून कोणते शब्द घ्यावेत याचा काही नेम असतो. ज्या वस्तूला किंवा व्यवहाराला आपल्या भाषेत नेमका शब्द नाही, किंवा जो व्यवहार स्थानिकांच्या रीतीनेच करावा लागतो, त्याचा शब्द उसना घेतला जातो. मराठीने दप्तराचे शब्द फारसीतून घेतले ते याच कारणाने. अश्शुरच्या व्यापाऱ्यांपाशी देवघेवीची स्वतःची समृद्ध परिभाषा होती, उताराच्या घरालाही शब्द होता. तरीही करार आणि रात्रमुक्काम या दोन गोष्टींसाठी स्थानिक शब्द त्यांच्या लेखणीत आले. यावरून असे अनुमान करता येते की, या दोन्ही संस्था त्या भूमीत आधीपासून रुजलेल्या होत्या आणि परक्याला त्या तेथील लोकांच्या अटींवर स्वीकाराव्या लागत. इंडो-युरोपीय कुळाच्या लिखित इतिहासाच्या उंबरठ्यावरच मुक्काम आणि करार हे दोन शब्द उभे आहेत, आणि ते या पठारावर उभे आहेत, याची नोंद येथे करणे अवश्य आहे.

४

कानेशची पेठ इ. स. पू. १८३५ च्या सुमारास आगीत नष्ट झाली. तिच्यावर पुन्हा वस्ती झाली, पण इ. स. पू. अठराव्या शतकानंतर अश्शुरी व्यापाराचा हा अध्याय संपला. कालांतराने प्रदेशाचे केंद्र डोंगराच्या पायथ्याशी मझाका येथे सरकले. आजचे कायसेरी या मझाकाचे वारस आहे. जागा बदलली, परंतु वाटा त्याच राहिल्या, आणि जागेचा धर्मही फारसा बदलला नाही.

मझाकाचे वर्णन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याने आपल्या ग्रंथाच्या बाराव्या खंडात केले आहे. त्याच्या मते ही जागा नगर वसविण्यास मुळीच योग्य नाही. पाणी नाही, तटबंदी नाही, जमीन नापीक. तरीही कापादोकियाच्या राजांनी ती निवडली, कारण लाकूड, दगड आणि गुरांसाठी चारा जेथे मिळतो त्या टापूच्या ती मध्यभागी होती. या राजांच्या दृष्टीने नगर म्हणजे जणू छावणीच होती, असा अभिप्राय स्ट्रेबोने दिला आहे. ज्या पर्वताला आज एर्जियेस म्हणतात त्याला तेव्हा आर्गायोस म्हणत. त्याच्या माथ्यावरून स्वच्छ हवेत दोन्ही समुद्र दिसतात, असे चढून गेलेले थोडे लोक सांगत, हेही त्याने नोंदविले आहे. या माहितीतील भौगोलिक सत्य कितीही असो, दोन समुद्रांच्या मधोमध असल्याची जाणीव त्या प्रदेशातील लोकांना होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

कापादोकियाचा अखेरचा राजा आर्खेलाओस याने ऑगस्टस सीझरच्या सन्मानार्थ मझाकाचे नाव बदलून कायसारिया असे ठेवले. इ. स. १७ मध्ये हे राज्य रोमन साम्राज्याचा प्रांत झाले. "सीझर" या नावाचे ग्रीक रूप "कायसार", अरबी-फारसी रूप "कैसर". नगरनामाचे अरबी रूप "कैसरिय्या" आणि तुर्की रूप "कायसेरी". व्हिक्टोरिया राणीने "कैसर-ए-हिंद" ही पदवी घेतल्यापासून हा शब्द हिंदुस्थानात जनसामान्यांच्या परिचयाचा झाला. त्या पदवीत आणि या नगरनामात एकच रोमन कुलनाम आहे.

रोमन अमलात युफ्रातिसच्या सीमेवरील छावण्यांकडे जाणारे रस्ते कायसारियावरून जात, आणि सैनिक, व्यापारी, अधिकारी यांची ये-जा अखंड चाले. या पार्श्वभूमीवर इ. स. चौथ्या शतकात बेसिल या ख्रिस्ती धर्मगुरूने जे कार्य केले त्याचे मोल जाणता येते. इ. स. ३७० मध्ये तो कायसारियाचा बिशप झाला. त्याच्या आदल्याच काळात प्रांतात मोठा दुष्काळ पडला होता. बेसिलने नगराबाहेर एक विस्तृत वसाहत उभारली. तीत गरिबांसाठी आश्रय होता, रोग्यांसाठी वैद्य व परिचारक होते, कुष्ठरोग्यांना जागा होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यांसाठी उताराची घरे होती. या बांधकामावर आक्षेप आल्यावर त्याने प्रांताधिकाऱ्यास पत्र लिहून आपली बाजू मांडली. त्या पत्रात परदेशी वाटसरूंच्या निवाऱ्याबरोबरच त्यांच्यासाठी लागणारी जनावरे आणि सोबती यांचाही उल्लेख आहे. वसाहतीला पुढे त्याच्याच नावावरून "बासिलियास" म्हणू लागले. रुग्णालयाच्या इतिहासात तिचे नाव आदराने घेतले जाते. परंतु ज्या गावात ती उभी राहिली ते गाव वाटेवरचे होते, हा संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. आजारी वाटसरू ही कोणत्याही मुक्कामाच्या गावाची नित्याची समस्या असते. बेसिलने तिला धर्मकर्तव्याचे रूप दिले.

५

इ. स. १०६७ मध्ये सेल्जुक तुर्कांनी कायसारिया लुटले आणि पुढील काही दशकांत प्रदेश तुर्कांच्या ताब्यात गेला. बाराव्या-तेराव्या शतकांत कोन्याच्या सेल्जुक सुलतानांच्या राज्यात कायसेरी हे राजधानीच्या खालोखाल महत्त्वाचे नगर होते. या काळातील दगडी वास्तू आजही शहराच्या मध्यभागी उभ्या आहेत. इ. स. १२०५-०६ मध्ये गेव्हेर नेसिबे या राजकन्येच्या नावे रुग्णालय व वैद्यकाची पाठशाळा बांधण्यात आली. इ. स. १२३८ मध्ये सुलतान अलाउद्दीन कैकुबादची विधवा पत्नी माहपेरी हुनात हातून हिने मशीद, मदरसा, स्नानगृह व स्वतःची कबर असा वास्तुसमूह उभारला. हीच स्त्री इतर मार्गांवरील सराईंचीही निर्माती होती.

सेल्जुकांच्या व्यापारमार्गांवर सुमारे एका दिवसाच्या मजलेवर "खान" म्हणजे सराया असत. कायसेरीहून सिवासला जाणाऱ्या वाटेवर तुझ्हिसार येथे कैकुबादने इ. स. १२३२ ते १२३६ या काळात बांधलेला सुलतान खान त्यांपैकी मोठ्यांत गणला जातो. उंच कोरीव दरवाजा, आत उघडे अंगण, अंगणाच्या मध्यभागी चार कमानींवर उचललेली लहानशी मशीद, आणि मागे हिवाळ्यासाठी छप्पर असलेले भव्य दालन अशी त्याची रचना आहे. बर्फाच्या दिवसांत माणसे, उंट, घोडे व माल एकाच छपराखाली राहू शकत. बाहेरून पाहता किल्ला वाटावा अशा या भिंतींना खिडक्या जवळजवळ नाहीत.

पूर्वेकडील दुसऱ्या मार्गावर इ. स. १२४०-४१ मध्ये पूर्ण झालेला कराताय खान आहे. तो जलालुद्दीन कराताय या वजिराच्या नावाने ओळखला जातो. हा वजीर मूळचा गुलाम होता व स्वतंत्र होऊन राज्याच्या सर्वोच्च पदांपर्यंत पोहोचला. या खानाचे इ. स. १२४७ चे वक्फपत्र उपलब्ध असून तुर्की इतिहासकार उस्मान तुरान यांनी ते इ. स. १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. खानात उतरणारा मुसलमान असो वा अन्यधर्मीय, पुरुष असो वा स्त्री, स्वतंत्र असो वा गुलाम, प्रत्येकाला सारखेच अन्न द्यावे, अशी आज्ञा त्यात आहे. जुम्याच्या रात्री मधाचा हलवा वाढावा, रोग्याला औषध मिळावे, जनावरांस वैरण मिळावी, पायांत काही नसलेल्यास पादत्राण द्यावे, अशा तरतुदीही त्यात आहेत. गुलाम आणि स्वतंत्र यांना एकाच पंगतीचे अन्न लिहून देणारा दाता स्वतः एके काळी गुलाम होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कलमाचा अर्थ अधिक खोल जाणवतो. वक्फपत्र हा औदार्याचा उद्गार नव्हे. तो कायद्याने बांधलेला दस्तऐवज आहे. त्यामागे उत्पन्नाची गावे व जमिनी लावून दिलेल्या असतात. कानेशच्या काळातले करार आणि रात्रमुक्काम हे दोन शब्द येथे पुन्हा एकत्र येतात. मुक्कामाची हमी दात्याच्या मर्जीवर न ठेवता लेखी बंधनावर ठेवण्याची पद्धत या भूमीत तीन हजार वर्षांच्या अंतराने दिसून येते.

ही व्यवस्था संकटमुक्त नव्हती. वक्फपत्राच्या चारच वर्षे आधी, इ. स. १२४३ मध्ये, कोसे दागच्या रणांगणावर सेल्जुकांचा पराभव झाला होता आणि मंगोलांनी कायसेरी लुटून रहिवाशांची कत्तल केली होती. अशा विध्वंसानंतर चार वर्षांच्या आत वाटसरूंच्या हलव्याची व पादत्राणांची तजवीज लिहून ठेवली जावी, यातून मुक्कामसंस्थेची मुळे किती खोल होती ते कळते.

सुमारे नव्वद वर्षांनी मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता कायसेरीस आला तेव्हा त्याला उतरवून घेणारे लोक "अही" होते. अही म्हणजे कारागीर व तरुण यांच्या बंधुसंघाचा प्रमुख. इब्न बतूता अमीर अली नावाच्या अहीच्या मठात उतरला. ज्या गावी सुलतान राहत नाही तेथे अहीच राज्यकर्त्यासारखा वागतो आणि पाहुण्याला घोडा व वस्त्रे देतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. राजसत्ता दुबळी झाल्यावर पाहुणचाराचा भार कारागिरांनी उचलला, असा याचा अर्थ होतो. उस्मानी काळात बंदिस्त बाजार व व्यापारी खान यांच्या रूपाने हीच परंपरा पुढे चालली, इ. स. १४९७ चा बेदेस्तेन आणि अठराव्या शतकातील वजीर खान या तिच्या ठळक खुणा होत.

६

या दीर्घ इतिहासात एक विसंगती विसाव्या शतकात निर्माण झाली, आणि तिचा विचार टाळता येत नाही. जी नगरी हजारो वर्षे परक्यांना मुक्काम देत आली तिने आपल्याच रहिवाशांचे दोन मोठे समाज या शतकात गमावले.

कायसेरी व तिच्या आसपासच्या गावांत अर्मेनियन लोकांची मोठी व जुनी वस्ती होती. व्यापारात व कारागिरीत त्यांचे स्थान महत्त्वाचे होते. इ. स. १९१५ मध्ये उस्मानी सरकारच्या आज्ञेने त्यांना हद्दपार करण्यात आले आणि त्यांतील फार मोठ्या संख्येच्या लोकांचा मृत्यू अथवा वध झाला. शहरातील सुर्प क्रिकोर लुसाव्होरिच या नावाचे अर्मेनियन देऊळ आज उभे आहे; त्याभोवतीचा समाज मात्र नाममात्र उरला आहे.

दुसरा समाज ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा. भाषेच्या अभ्यासकास त्याची कथा विशेष विचार करावयास लावते. या प्रदेशातील अनेक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन घरी व बाजारात तुर्की भाषाच बोलत. ती लिहिण्यासाठी मात्र ते ग्रीक लिपी वापरीत. या लिखाणाला करामानली असे म्हणतात आणि त्यात छापलेल्या पुस्तकांचा साठा मोठा आहे. भाषेने तुर्क, लिपीने ग्रीक आणि धर्माने ऑर्थोडॉक्स असा हा समाज शेकडो वर्षे नांदला. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. त्यात माणसाचे राष्ट्रीयत्व ठरविताना भाषा विचारात घेतली गेली नाही. धर्म हाच निकष ठरला. परिणामी तुर्की बोलणारे हे लोक ग्रीसला पाठविले गेले, आणि जो देश त्यांचा म्हणून सांगण्यात आला तेथे त्यांच्यापैकी पुष्कळांना शेजाऱ्याशी बोलण्यासाठी भाषा नव्हती. उलट दिशेने ग्रीसमधील मुसलमान तुर्कस्तानात आले. त्यांतही ग्रीक बोलणारे होते.

येथेही करार होता. कानेशच्या तहाने परक्याच्या राहण्याला संरक्षण दिले. लोझानच्या कराराने राहणाऱ्याला परके ठरविले. करार हा सेतू होतो की बांध होतो हे त्या शब्दावर अवलंबून नसते. तो कोणासाठी व कशासाठी बांधला जातो यावर ते ठरते. कायसेरीच्या इतिहासाने ही दोन्ही रूपे पाहिली आहेत.

नव्या प्रजासत्ताकाच्या काळात शहराचे रूप पालटले. इ. स. १९२७ मध्ये अंकाराहून लोहमार्ग आला. इ. स. १९३५ मध्ये सोव्हिएत साह्याने उभारलेली सरकारी कापडगिरणी सुरू झाली, आणि जेथे एके काळी गाढवांवरून अश्शुरचे कापड उतरत असे त्या पठारावर यंत्रमाग फिरू लागले. ती गिरणी बंद पडल्यावर तिच्या इमारतींत विद्यापीठ आले. खानांची जागा हॉटेलांनी, तांड्यांची जागा गाड्यांनी व विमानांनी घेतली. मुक्काम मात्र कायम राहिला.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. कायसेरीला "केवळ मुक्कामाचे गाव" म्हणणारा प्रवासी नकळत तिचे सर्वांत जुने वर्णन करीत असतो. या भूमीच्या पहिल्या लिखित शब्दांत रात्रमुक्काम आहे. स्ट्रेबोला येथे छावणी दिसली. बेसिलने परक्यांसाठी घरे बांधली. करातायने त्यांच्या जेवणाची लेखी तजवीज केली. अहीने त्यांना घोडे दिले. यांत "केवळ" असे काही नाही. परक्याला एक रात्र सुरक्षितपणे निजता यावे यासाठी राज्य, धर्म, कायदा आणि बाजार या सर्वांना कामास लावावे लागते, ही गोष्ट हे शहर चार हजार वर्षे दाखवून देत आहे. आणि जेथे ही कामे थांबतात तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचे रहिवासीही एका रात्रीत परके होऊ शकतात, हेही याच शहराने दाखविले आहे.

अखेरीस एका शब्दाची नोंद करणे उचित होईल. अरबी "मुसाफिर" म्हणजे प्रवासी. हा शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला व "मुसाफर" या रूपाने आपला अर्थ राखून राहिला; "मुसाफरखाना" हा त्याचाच जोडशब्द. तोच शब्द तुर्की भाषेत गेला तेव्हा त्याचा अर्थ पालटला. तुर्कीत "मिसाफिर" म्हणजे घरी आलेला पाहुणा. वाटेवर चालणारा माणूस या अर्थापासून आपल्या उंबरठ्याच्या आत आलेला माणूस या अर्थापर्यंत हा शब्द केव्हा व कसा पोहोचला, याचा इतिहास शब्दकोशापेक्षा या पठारावरील खानांच्या भिंतींत अधिक वाचावयास मिळतो. अश्शुरच्या व्यापाऱ्यानेही आपल्या ठाण्याला पाहुण्याचेच नाव दिले होते. दोन भाषाकुळे, दोन धर्मकाळ आणि साडेतीन हजार वर्षे यांचे अंतर असूनही वाटसरू आणि पाहुणा यांना एक मानण्याची ही वृत्ती एकाच भूमीवर पुन्हा प्रकट झाली. कायसेरीत एक रात्र काढून पुढे जाणारा आजचा प्रवासी या जुन्या शब्दाच्या अर्थातच निजलेला असतो.